काटा बोलतो, कॉम्प्युटर त्याला माउस समजतो

एप्रिलातली गोष्ट. वाळपईला एका काजूवाल्याच्या गोदामात पोचलो तेव्हा मालक कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले होते. "त्याच्याकडे बघू नको, पिसो जालाय तो," म्हणाले. स्क्रीनवर बाण सैरावैरा पळत होता. मेनू उघडत होते, मिटत होते, आणि बिलाचं सॉफ्टवेअर मध्येच "ही नोंद पुसायची का?" असं विचारत होतं. बाहेर काजूची पोती घेऊन माणसं ताटकळत उभी. माझ्याआधी एका पोराने दोनदा विंडोज नव्याने घातली होती, अँटिव्हायरस विकत घ्यायला लावला होता आणि माउसही बदलून झाला होता.

मी वजनकाट्याची नऊ पिनांची वायर उपटली. बाण होता तिथे गप्प उभा राहिला.

"एवढंच?" मालकांनी विचारलं.

"एवढंच नव्हे काका. पण रोग कळला."

मी गोव्यातल्या डिचोलीचा. गेली वीसेक वर्षं वजनकाटे, जीपीएस, स्कॅनर असली यंत्रं कॉम्प्युटरला जोडून द्यायची कामं करतो. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांच्या काट्यांवर माझं घर चालायचं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि मी काजू, चिरे, भंगार, मासळी, जिथे जिथे वजन होतं तिथे जायला लागलो. धंदा बदलला, सिरियल पोर्ट, म्हणजे असली यंत्रं कॉम्प्युटरला जोडायची ती नऊ पिनांची जागा, मात्र तोच राहिला. या पळणाऱ्या बाणाने मला जितकं फिरवलंय तितकं कुठल्याही व्हायरसने नाही. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतो.

असं होतं तरी का

जुने माउस सिरियल पोर्टला लागायचे, हे आता पुष्कळांना माहीतही नसेल. विंडोज पोर्टवरची एक तार उचलायची, तिच्यावरच माउसला वीज मिळायची आणि तो जागा होऊन एक अक्षर पाठवायचा. साधा माउस असेल तर "एम", बॉलपॉइंट नावाचा गोळ्याचा माउस असेल तर "बी". अक्षर दिसलं की विंडोज म्हणायची, माउस आला. ही ओळखपरेड विंडोजने अजून सोडलेली नाही. कॉम्प्युटर सुरू होताना, किंवा यूएसबीची सिरियल वायर खुपसली की, ती पोर्टला कान लावून बसते.

आता काटा काय करतो? पुष्कळ काट्यांचा इंडिकेटर, म्हणजे आकडे दाखवणारा डबा, वजन अखंड पाठवत राहतो, ताटात काही असो वा नसो. जीपीएसही तसंच, दर सेकंदाला आपली ओळ म्हणतो. विंडोज कान लावते सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाला आणि काटा बोलतो ९६०० ला. म्हणजे विंडोज एक बिट ऐकते तेवढ्या वेळात काट्याचे आठ बिट निघून गेलेले असतात. जे ऐकू येतं ती नुसती खिचडी. त्या खिचडीत कधीतरी "बी"चा आकार सापडतो आणि तुमचा काटा "मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट" या नावाने माउसांच्या यादीत जाऊन बसतो. पुढे त्याच्या अक्षरांचा प्रत्येक छोटा गट म्हणजे माउसची एक हालचाल: इतकं डावीकडे, इतकं खाली, बटण दाबलं. पोत्याचं वजन अशा रीतीने तुमच्या बिलांवर क्लिक करत सुटतं.

बारकोडचा सिरियल स्कॅनर या भानगडीत सहसा सापडत नाही, कारण कोणी काही दाखवल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. अडकतात ते बडबडे.

हे कधी होतं आणि कधी होत नाही, याचं कारण गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. वीज. रोज सकाळी आधी कॉम्प्युटर, मग काटा असं सुरू करणाऱ्या माणसाला महिनोन्महिने काही त्रास होत नाही. मग जूनच्या पहिल्या पावसात वीज जाते, येते, दोन्ही यंत्रं एकदमच उठतात. काटा दोन-चार सेकंदांत तयार होऊन बोलू लागतो, कॉम्प्युटर अजून डोळे चोळत पोर्ट तपासत असतो. तिथेच घोटाळा. गिऱ्हाईक फोनवर "काल रात्री वीज गेली आणि माउस बिघडला" असं म्हणालं की मी काट्याची वायर सोबत घेऊनच निघतो.

आधी खात्री करा

वायर काढल्यावर बाण थांबला तर अर्धी खात्री झाली. उरलेली अर्धी डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या विंडोजच्या यादीत. बाण हाताशी नसेल तर कीबोर्डवरून जा: विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, मग एम दाबा. यादीत माउसांचा जो गट असतो, "माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस", तो उघडा. तिथे तुमच्या खऱ्या माउसबरोबर "सिरियल बॉलपॉइंट" किंवा "सिरियल माउस" असा पाहुणा बसलेला दिसला की चोर सापडला.

दुसरं लक्षण फसवं आहे, ते लक्षात ठेवा. कधी कधी बाण अजिबात हलत नाही, पण वजनाचं सॉफ्टवेअर म्हणतं, पोर्ट दुसरं कोणी वापरतंय. लोक सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या घालतात. पोर्ट धरून बसलेला असतो तो हाच बॉलपॉइंट.

इलाज, सोप्यापासून अवघडाकडे

पहिली गोष्ट, तो बॉलपॉइंट अनइन्स्टॉल करू नका. सगळे तेच करतात. नोंद पुसली की विंडोज ती विसरते, आणि पुढच्या वेळी काटा बोलला की नव्याने ओळख करून घेते. त्याच्यावर उजवं क्लिक करून "डिसेबल" करा. म्हणजे विंडोजच्या लक्षात राहतं की या पोर्टवर असा एक आहे आणि त्याला उभं करायचं नाही. पोर्ट मोकळा होतो, वजन यायला लागतं.

यात एक मेख आहे. डिसेबल करायला तो यादीत हजर हवा, आणि तो हजर असला की बाण धावतो. मी असं करतो: काटा चालू ठेवून कॉम्प्युटर सुरू करतो, बाण नाचायला लागला की काट्याच्या बाजूची नऊ पिनांची वायर काढतो, यूएसबीची बाजू मात्र तशीच ठेवतो. पाहुणा यादीत राहतो, पण त्याचं तोंड बंद. मग निवांत डिसेबल करायचं आणि वायर परत लावायची. घाईत आपलाच खरा माउस डिसेबल करणारेही मी पाहिलेत. त्यातला एक मीच, साखळीला, मालकाच्या देखत. त्या दिवशी सगळं काम टॅब आणि एंटरवर निस्तरलं.

आणि काटा चालू असताना "स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस" दाबू नका. तुम्हीच विंडोजला पुन्हा कान लावायला सांगता.

डिसेबलचा दोष असा की ती आठवण त्या एका जागेपुरती असते. वायर शेजारच्या यूएसबी भोकात गेली की विंडोजला ती नवी वायर वाटू शकते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून वायरमधली चिप कोणती ते बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीज, त्यात डीटेल्स, त्यात हार्डवेअर आयडी. त्यातल्या व्हीआयडीपुढे, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकाच्या जागी, ०४०३ असेल तर चिप एफटीडीआयची, ०६७बी असेल तर प्रोलिफिकची, १ए८६ असेल तर सीएच ३४० जातीची, १०सी४ असेल तर सिलिकॉन लॅब्जची.

०४०३ निघाली तर तुमचं नशीब. त्याच पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, मग अ‍ॅडव्हान्स्ड असं जा. तिथे "सिरियल एन्युमरेटर" या नावापुढे टिक असते, ती काढा. ही टिक म्हणजेच तो कान लावणारा माणूस. तो गेला की माउस शोधणंच बंद. वायर काढून परत लावा, झालं. या एका टिकेसाठी मी गिऱ्हाइकाला थोडी महाग वायर घ्यायला लावतो. काजूच्या एका सीझनमध्ये अर्धा दिवस जरी बिलं अडली तरी त्यापेक्षा जास्त पैसे जातात.

दुसऱ्या चिपा असतील, किंवा कॉम्प्युटरला अंगचाच सिरियल पोर्ट असेल, तर मुळावर घाव घालायचा तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात. हे काम भीत भीतच करावं. विंडोज आणि आर दाबा, रेजएडिट लिहून एंटर. डावीकडच्या झाडात लोकल मशीन, त्यात सिस्टम, त्यात करंट कंट्रोल सेट, त्यात सर्व्हिसेस असं खाली उतरा. तिथे लांबलचक यादी आहे. तिच्यात एस-ई-आर-एम-ओ-यू-एस-ई असं सलग लिहिलेलं फोल्डर शोधा. हात लावण्याआधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून त्याची प्रत ठेवा. उजवीकडे "स्टार्ट" नावाची किंमत ३ दिसेल, ती ४ करा. ४ म्हणजे हा ड्रायव्हर, सिरियल माउस चालवणारा प्रोग्रॅम, कधीच सुरू करायचा नाही. कॉम्प्युटर बंद करून सुरू करा. यापुढे त्या कॉम्प्युटरला खरा सिरियल माउस लावला तर तो चालणार नाही. पण तो कोणाच्या घरात उरलाय? विंडोजचा मोठा अपडेट झाला की ही किंमत ४ च आहे ना, एवढं एकदा बघून घ्या.

हे सगळं कॉम्प्युटरच्या बाजूचं झालं. माझ्या मते खरा इलाज काट्याच्या बाजूला आहे. बहुतेक इंडिकेटरांच्या मेनूत वजन कधी पाठवायचं याची सोय असते: अखंड, छापायची कळ दाबल्यावर, किंवा कॉम्प्युटरने मागितल्यावर. "मागितल्यावर" ठेवलं की काटा गप्प राहतो आणि विंडोजला फसायला काही मिळतच नाही. फक्त बिलाचं सॉफ्टवेअर वजन मागणारं आहे ना, हे आधी विचारून घ्या, नाहीतर दोघेही एकमेकांची वाट बघत बसतील. आणि त्या मेनूपर्यंत जायला वजनमाप खात्याचं सील तोडावं लागत असेल तर थांबा. ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं, आपलं नव्हे.

कॉम नंबरांचा पसारा

बाण थांबला तरी लोक दोन महिन्यांनी परत फोन करतात, कारण आता "पोर्ट सापडत नाही". हा दुसरा आजार, पण घर एकच.

मालीमच्या जेटीवरचा एक तांडेल. त्याच्या ट्रॉलरवर लॅपटॉप, त्याला यूएसबी वायरने जीपीएस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ही सगळी मंडळी दुरुस्त्या काढतात, मलाही तेव्हाच बोलावतात. त्याची तक्रार अशी: "भाऊ, धक्क्यावर चालतो, समुद्रात गेलं की मरतो." विंडोज प्रत्येक सिरियल पोर्टला एक कॉम नंबर देते; बघितलं तर लॅपटॉपमध्ये जीपीएसचा नंबर कॉम २३ झालेला, आणि नकाशाचं सॉफ्टवेअर कॉम ४ वर डोळे लावून बसलेलं. समुद्रात खलाशी मोबाइल चार्ज करायला जीपीएसची वायर काढायचे आणि परत लावताना हाताला येईल त्या भोकात घालायचे.

गणित असं आहे. काही चिपांना स्वतःचा सिरियल क्रमांक असतो. बऱ्याचशा एफटीडीआय वायरींना असतो, त्यामुळे त्या कुठल्याही भोकात घाला, विंडोज ओळखते. सीएच ३४० आणि प्रोलिफिकच्या स्वस्त वायरींना तो बहुधा नसतो. मग विंडोज वायर ओळखण्याऐवजी भोक ओळखते: प्रत्येक नव्या भोकाला नवा कॉम नंबर, आणि जुना नंबर त्या जुन्या भोकाच्या नावाने राखून ठेवलेला. ब्लूटूथही गुपचूप एक-दोन नंबर खातं. बघता बघता आकडा विशीत जातो. जुनं सॉफ्टवेअर तर नवाच्या पुढे मोजतच नाही.

सफाई अशी करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून "शो हिडन डिव्हायसेस" निवडा. पोर्ट्सच्या गटात फिकट रंगाची नावं दिसतील, ती आता न जोडलेल्यांची भुतं. त्यांना अनइन्स्टॉल करा. मघाशी अनइन्स्टॉल करू नका म्हणालो ते बॉलपॉइंटबद्दल. इथे उलट, विसरायलाच हवं. फक्त सीझनला लागणारी एखादी वायर त्यात नाही ना, ते बघा. मग चालू वायरच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे कॉम नंबर हवा तो निवडा. मी ३ ते ९ यांतलाच देतो. नंबरापुढे "वापरात" असं दिसलं आणि तो भुताचाच होता याची खात्री असेल तर बिनधास्त घ्या. खात्री नसेल तर पुढचा घ्या; नंबरांचा दुष्काळ नाही.

रजिस्ट्रीत हे सगळे राखीव नंबर एका फटक्यात पुसायची युक्ती सांगणारे भेटतात. मी करत नाही. त्यात चालू यंत्रांचेही नंबर जातात, आणि मग एकाच नंबरावर दोघे भांडतात.

यानंतरचं काम मात्र नेलपॉलिशचं. हसू नका. कागदाचं लेबल आमच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांत सुटतं, मार्करची शाई तेलकट हातांनी पुसते. नेलपॉलिशचा एक लाल ठिपका भोकाच्या बाजूला आणि तसाच एक वायरीच्या डोक्यावर. काट्याला लाल, लेबल प्रिंटरला दुसरा रंग. तांडेलाच्या खलाशांना मी एवढंच सांगितलं: लालला लाल, आणि मोबाइल या भोकात नाही. बायकोच्या डब्यातले तीन रंग आता कायम माझ्या बॅगेत असतात.

चालतंय की नाही, कसं बघायचं

सॉफ्टवेअरवर विसंबू नका. पुटीसारखा साधा टर्मिनल प्रोग्रॅम, पोर्टवर येणारी अक्षरं जशीच्या तशी दाखवणारा, घ्या, सिरियल निवडा, कॉम नंबर आणि वेग द्या. काट्यावर किलोभराची पिशवी ठेवली की आकडे वाचता आले पाहिजेत. जीपीएसचा वेग बहुधा ४८०० किंवा ९६०० असतो आणि त्याची प्रत्येक ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. ओळी येतायत पण अगम्य खुणांच्या, तर वेग चुकलाय. काहीच येत नसेल तर वायर, पिना किंवा दुसरा कोणीतरी पोर्ट धरून बसलाय. टर्मिनल बंद करायला विसरू नका, नाहीतर तो दुसरा कोणीतरी म्हणजे तुम्हीच.

जेटीवरच्या यंत्रांत आणखी एक गोष्ट: नऊ पिनांवर हिरवट थर. खाऱ्या वाऱ्याचा प्रताप. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने पिना घासल्यावर "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम" सुटल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

वजन मध्येच अडकत असेल, वायर काढून लावली की सुरू होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढा. लॅपटॉपवर हे हमखास.

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी. माझा भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. उबुंटू २२.०४ वर त्याची सीएच ३४० ची बोर्डं लागायची आणि लगेच गायब व्हायची. तिथे गैरसमज वेगळा: बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम त्या चिपेला अंधांसाठीचं ब्रेल यंत्र समजतो आणि पोर्ट बळकावतो. घरात ब्रेल यंत्र नसेल तर तो प्रोग्रॅम काढून टाकायचा. मोडेम मॅनेजर नावाचा दुसराही एक असतो, तो काही सिरियल यंत्रांना मोडेम समजून हाका मारतो.

परत वाळपईला. काकांच्या वायरीत चिप निघाली १ए८६, म्हणून रजिस्ट्रीत ३ चे ४ केले, कॉम ५ दिला, लाल ठिपके लावले. एका पुठ्ठ्यावर कॉम नंबर, वेग, भोक आणि तारीख लिहून तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला, कारण पुढच्या सीझनला येणारा मी असेन किंवा दुसरा कोणी. मग मीटरजवळचा मेन स्विच खाली केला, वर केला. काटा आणि कॉम्प्युटर एकदम उठले. असं तीन वेळा. काका प्रत्येक वेळी "अरे, पोती थांबलीत" म्हणत होते, आणि मी बाणाकडे बघत होतो. तिसऱ्यांदाही तो हलला नाही, तेव्हा बिल लिहायला घेतलं.